थेंबांआधी लेझर

मार्चमध्ये जागतिक काचबिंदू सप्ताह येतो. शिबिरे भरतात, डोळ्यांचा दाब मोजला जातो आणि ज्यांच्यात दोष निघतो त्यांच्या हाती थेंबांची बाटली पडते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. काचबिंदू बहुधा दुखत नाही. नजर कडेने जात राहते, समोरचे वर्तमानपत्र मात्र वाचता येते. थेंब घातले म्हणून नीट दिसू लागत नाही, चुकले म्हणून दुसऱ्या दिवशी काही बिघडत नाही. त्यात संधिवाताच्या बोटांतून थेंब गालावर ओघळतो, बाटली लवकर संपते, गावातल्या दुकानात मिळत नाही. शहरातला मुलगा ती आणेपर्यंत खंड पडतो. अशा आजोबांना बेपर्वा म्हणणे हा अन्याय आहे.

म्हणून आमचा आग्रह लेझरसाठी आहे. डोळ्यात सतत तयार होणारे पाणी बुबुळाच्या कडेच्या बारीक जाळीतून निचरते. निचरा मंदावला की दाब चढतो आणि डोळ्यामागची नस सुकत जाते. 'एसएलटी' या उपचारात त्या जाळीवर काही अब्जांश सेकंदांचे प्रकाशाचे ठोके देतात. भूल थेंबांची, काम काही मिनिटांचे, रुग्ण त्याच दिवशी घरी. ब्रिटनमधल्या ७१८ रुग्णांच्या 'लाइट' चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. आधी लेझर केलेल्या रुग्णांपैकी ७४ टक्के रुग्णांचा दाब तीन वर्षांनंतरही थेंबांविना आटोक्यात होता. २०२२ मध्ये तिथल्या 'नाइस' संस्थेने हाच पहिला उपचार म्हणून सुचवला.

गेलेली नजर लेझरने परत येत नाही, हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवे. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, काही वर्षांनी तो ओसरतो, काहींना थेंब लागतातच. तपासणी तर जन्मभराची. शिवाय आपल्याकडे, ज्या कोनात ही जाळी असते तोच बंद होणारा काचबिंदूही बराच आढळतो. त्याला हे लेझर चालत नाही. तिथे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला छिद्र पाडणारे वेगळे लेझर करतात. म्हणून आरसा असलेले भिंग डोळ्याला लावून कोन पाहिल्याशिवाय उपचार ठरवूच नयेत. नुसता दाब मोजून औषध लिहिण्याची घाई आम्हाला मान्य नाही.

सरकारने जिल्हा रुग्णालयांत एसएलटीचे यंत्र आणि ते हाताळणारा नेत्रतज्ज्ञ द्यावा. शिबिरात दोष निघालेल्या प्रत्येकाला तिथली तारीख त्याच दिवशी मिळावी. आणि हा आजार घराण्यात चालत असल्याने सोबत त्याच्या भावंडांना, मुलांनाही तपासणीला बोलवावे.