हार्ड डिस्क: एक की दोन?

हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात ‘बिघाडापूर्वीचा सरासरी काळ १० लाख तास’ असे छापलेले आढळते. म्हणजे ११४ वर्षे! एवढी वर्षे डिस्क चालवून पाहिली कोणी? वर्षाचे तास ८,७६०. तेव्हा अशा १,००० डिस्क वर्षभर अखंड चालविल्या, तर सुमारे ९ बिघडतील, एवढाच त्याचा अर्थ. तुमची डिस्क त्या नवांत असेल की नाही, हे कंपनीही सांगू शकत नाही. (हमीपत्रावर बदली डिस्क मिळते, जुनी छायाचित्रे नव्हेत!) म्हणून शाळेच्या नोंदींसाठी एका महागड्या डिस्कपेक्षा साध्या दोन घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे, त्याही निरनिराळ्या कंपन्यांच्या, म्हणजे एकच दोष दोन्हींत नसेल. एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. दरवर्षी दोन्ही जोडून फायली उघडून पाहाव्यात.