आधी यादी, मग किल्ली



गेल्या महिन्यात माझ्या जाऊबाईंच्या नव्या घराची वास्तू झाली. पंगत बसली होती आणि चौघीजणींनी मला एकच प्रश्न विचारला. "जाऊबाईंनी म्हणे बिल्डरला एक्केचाळीस कामांची यादी दिली? आणि ती तुम्ही लिहून दिली?" विचारण्यात थोडं कौतुक होतं, थोडा टोमणाही होता. एक मावशी तर म्हणाल्या, "अगं, आपल्याच समाजाचा माणूस आहे तो. त्याला काय असं लिहून द्यायचं!" माझ्या हातात वाढायचं भांडं होतं, तेव्हा नुसती हसले. उत्तर आज देते.

त्यासाठी आधी आमच्या स्वतःच्या घराची गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे आम्ही यादी केली नव्हती.

२०१८ साल. सासूबाईंचा वर्षीतप चालू होता आणि अक्षय्य तृतीयेला पारणं होतं. ते नव्या घरातच व्हावं असं सगळ्यांच्या मनात. बिल्डरच्या ऑफिसमधून फोन आला, "वहिनी, या आणि किल्ली घेऊन जा, पारण्याच्या आत सगळं चकाचक करून देतो." आम्ही संध्याकाळी गेलो, दिव्याच्या उजेडात घर पाहिलं, पेढे दिले आणि यांनी ताब्याच्या पत्रावर सही केली. त्या पत्रात एक ओळ होती: सदनिका तपासून पाहिली, कोणतीही तक्रार नाही. ती मी वाचली चार महिन्यांनी.

पारणं छान झालं. उसाचा रस, पाहुणे, साध्वीजींचं मांगलिक. बाथरूमचं पाणी नहाणीकडे न जाता दाराकडे येतं हे त्याच दिवशी दिसलं होतं. वायपर ठेवला की झालं, असं म्हणून सोडून दिलं. जुलैत बाथरूमला लागून असलेल्या खोलीत, कपाटामागच्या भिंतीला ओल आली. ऑगस्टमध्ये त्यावर हिरवट-काळी बुरशी धरली.

दुसऱ्या कुणाच्या घरी ही रंगाची अडचण असती. कापड घ्यायचं, औषध घ्यायचं, पुसायचं. आपल्याकडे तसं नाही ना. इरियावही रोज म्हणतो, त्यातलं 'पणग' म्हणजे हीच लीलण-फूलण. सासूबाईंनी भिंतीला हात लावू दिला नाही. "आता त्यात जीव आहेत, आपोआप सुकेल तेव्हा बघू." त्या स्वतः ती खोली सोडून हॉलमध्ये झोपायला लागल्या. पाऊणशे वर्षांची तपस्वी बाई, आणि नव्या घरात तिची खोली बंद. त्यातच दाराशी साचणाऱ्या पाण्यामुळे झुरळं. औषध फवारायचं नाही, म्हणून मी रात्री सगळं कोरडं करून झोपायचे. पाच वर्षं.

बिल्डरला सांगितलं नाही असं नाही. किती वेळा सांगितलं! फोनवर, जिन्यात, एकदा तर लग्नात. प्रत्येक वेळी "हो वहिनी, माणूस पाठवतो." माणूस दोनदा आलाही. भिंत सुकल्यावर त्याने त्यावर लांबी भरून रंग दिला. पुढच्या पावसात पुन्हा तेच, कारण दोष भिंतीत नव्हताच, नहाणी ट्रॅपच्या जोडात होता. शेवटी आम्ही पदरचे ८५ हजार घालून बाथरूमची फरशी फोडली. भाच्याने नंतर विचारलं, "मामी, लेखी तक्रार कधी दिली होती?" कधीच नाही.

हा भाचा अमेरिकेत बांधकामाच्या कामावर असतो. तिथे काम संपत आलं की मालक, आर्किटेक्ट आणि ठेकेदार मिळून सगळी इमारत फिरतात, राहिलेलं आणि बिघडलेलं एकेक काम लिहून काढतात. त्याला ते पंच लिस्ट म्हणतात. ठेकेदाराच्या बिलातला काही भाग आधीपासून मागे ठेवलेला असतो, तो यादी पुरी झाल्यावर सुटतो. आपल्याकडचे इंजिनीअर याला स्नॅग लिस्ट म्हणतात. मी आपली 'राहिलेल्या कामांची यादी' म्हणते. आणि खरं सांगू, आपल्याला ही पद्धत नवी वाटायला नको. प्रतिक्रमणात आपण "काही चुकलं असेल तर माफ कर" एवढं मोघम म्हणून उठतो का? ९९ अतिचार एकेक नाव घेऊन आठवतो. मोघम म्हटलेलं सुधारत नाही, हे आपल्याला घरातच शिकवलेलं आहे.

कायदाही आता आपल्या बाजूने आहे, फक्त तो कागदावर चालतो. रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून सुरू झालं. त्याच्या कलम १४ मध्ये स्पष्ट आहे: ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाचा, कारागिरीचा, दर्जाचा किंवा सोयींचा दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला, तर त्याने तो ३० दिवसांत, वेगळे पैसे न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई मागता येते. सही केलेल्या त्या 'तक्रार नाही'च्या ओळीने हा हक्क संपत नाही, पण भांडण झालं की तीच ओळ आपल्यापुढे नाचवतात. आणि नजरेस आणून दिलं हे सिद्ध कसं करणार? लग्नाच्या पंगतीत बोललेलं कोण मानणार? म्हणून ईमेल करा, शिवाय स्पीड पोस्टने पाठवून पोच जपून ठेवा.

आता जाऊबाईंच्या घराचं. सगळ्यात पहिलं काम मी केलं ते म्हणजे महापालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र दाखवा म्हटलं. ते नसेल तर यादीचा खेळ करूच नका, ताबाही घेऊ नका. ते आल्यावर कायदा खरेदीदाराला ताबा घ्यायला २ महिने देतो. म्हणजे "आजच्या आज किल्ली न्या" ही घाई बिल्डरची असते, कायद्याची नव्हे.

आम्ही सकाळी दहाला गेलो, उन्हाच्या उजेडात. बरोबर घेतलं होतं ते असं: एक बादली, मोबाईलचा चार्जर, एक रुपयाचं नाणं, मुलांची एक गोटी, पेन्सिल आणि दोनशे पानी वही. भाऊजी म्हणाले, "वहिनी, शाळेत निघालात की काय!"

बादली सर्वांत महत्त्वाची. बाथरूम, संडास, ड्राय बाल्कनी, गच्ची, ओट्याखालचा कोपरा, सगळीकडे पाणी ओतायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. पाणी कुठे राहतं त्या जागेचा फोटो. आपल्या घरात साचलेलं पाणी म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको, उतार चुकला की रोजची यतना गेली. शक्य असेल तर बाथरूमचं तोंड बंद करून, एक दिवस पाणी भरून ठेवायला सांगा आणि खालच्या घराचं छत बघून या. बिल्डर कुरकुर करतो, पण करतो. नाण्याने प्रत्येक टाईल वाजवायची. पोकळ वाजली त्यावर पेन्सिलची फुली. जाऊबाईंकडे हॉलमध्येच नऊ निघाल्या. गोटी जमिनीवर सोडली की उतार कळतो. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये. सगळे नळ एकदम सोडून वरच्या नळाला धार राहते का ते पाहायचं. खिडक्या बंद करून मच्छरजाळीला फट आहे का, दाराखालून पाल शिरेल का, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे भोक उघडं आहे का. ही शेवटची तीन आमच्या भाच्याच्या छापील यादीत नव्हती. ती बाईच बघते. जाळी नीट असली तर पुढे मारायची वेळच येत नाही.

म्हणूनच माझा आग्रह आहे की ही यादी घरातल्या बाईने करावी. पुरुष मंडळी दाराचं लाकूड बघतात, पार्किंग बघतात. ओटा आपल्या उंचीला बसतो का, पिण्याच्या पाण्याचं भांडं ठेवायला आणि पाणी गाळायला जागा आहे का, हे त्यांना सुचणारच नाही. आणि घरातलं सर्वांत म्हातारं माणूस बरोबर न्या. सासूबाईंनी संडासात पाय ठेवताच सांगितलं की उंबरा दोन बोटं जास्त आहे. आम्ही तीनदा ओलांडला होता, कुणालाच कळलं नव्हतं.

लिहिण्याची रीत मात्र नीट हवी. 'बाथरूम बरोबर नाही' हे लिहून उपयोग नाही. सुपरवायझर फरशी पुसून जाईल आणि झालं म्हणेल. 'मोठं बाथरूम, दाराच्या डाव्या कोपऱ्यात पाणी साचतं, फोटो ७' असं लिहायचं. प्रत्येक ओळीपुढे कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि एक रकाना मोकळा: आपण पुन्हा तपासल्याची तारीख. काम झालं असं त्याने सांगितल्यावर ओळ कापायची नाही, बादली पुन्हा ओतून मग कापायची. खाली दोघांच्या सह्या, एक प्रत त्याला.

एक्केचाळीस कामं तीन फेऱ्यांत झाली. सात आठवडे लागले. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त हुकला, त्याचं घरात वाईट वाटलं, मी नाही म्हणत नाही. ज्यांना मुहूर्त सोडवतच नाही त्यांनी त्या दिवशी बिल्डरच्या परवानगीने घरात नवकाराचा जाप करावा, मांगलिक ऐकावं, आणि घरी परत यावं. मुहूर्त जापाचा असतो, ताब्याच्या पत्रावरच्या सहीचा नसतो.

पैशाचंही बोलते, कारण तिथे आपण फसतो. महाराष्ट्रातल्या नमुना करारात ताब्यापर्यंत ९५ टक्के रक्कम टप्प्याटप्प्याने देऊन झालेली असते, उरलेली ताब्याच्या वेळी. म्हणजे आपल्या हातात जे काही वजन आहे ते त्या शेवटच्या घटकेलाच. पण हप्ता मनानेच अडवला तर व्याज लागू शकतं, म्हणून यादी आधी, लेखी आणि वेळेत. सगळंच पूर्ण व्हायला हवं असंही नाही. पाण्याचं आणि विजेचं एकही काम बाकी ठेवू नका. रंगाचा डाग, कपाटाची कडी अशी राहिली तर ताब्याच्या पत्रावरच लिहा, 'सोबतच्या यादीतील कामे बाकी', आणि तारीख घाला. आणखी एक, इंटीरियरवाल्याला हातोडा मारू द्यायच्या आधी करार वाचा. बऱ्याच करारांत आपण भिंत किंवा फरशी फोडली की दोषाची जबाबदारी संपते असं कलम असतं.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. आपल्याच समाजाचा आहे, मग लिहून कसं द्यायचं? मावशी, मी पाच वर्षं लिहून दिलं नाही. मग काय केलं? प्रत्येक भिशीत, प्रत्येक पारण्यात, स्थानकाच्या पायरीवर त्या माणसाचं नाव घेऊन बोलत राहिले. ऐकणाऱ्या दहाजणींनी पुढे दहाजणींना सांगितलं. त्याच्या मुलीच्या सासरपर्यंत ते गेलं, हे मला नंतर कळलं आणि लाज वाटली. अठरा पापस्थानकांत परपरिवाद आहे. तो मी गोड बोलण्याच्या नावाखाली पाच वर्षं केला. जाऊबाईंच्या बिल्डरबद्दल आमच्या घरात एक वाईट शब्द कुणी बोललेलं नाही. जे बोलायचं होतं ते त्याला, त्याच्या तोंडावर, ओळ क्रमांकासकट बोलून झालं. तोही वास्तूला जेवायला आला होता.

यादी आपल्यालाही बांधते, हेही लिहिलं पाहिजे. त्या बाथरूमच्या वेळी मी टाईलवाल्याचे शेवटचे सहा हजार 'तपासून देते' म्हणून मागे ठेवले होते. काम चार दिवसांत झालं. मी तपासलं मात्र महिन्याने, कारण मध्ये पर्युषण आले, मग पाहुणे. तो दारात आला, काही बोलला नाही, फक्त चपला न काढता उभा राहिला. दुसऱ्याच्या कष्टाचे पैसे माझ्या डब्यात महिनाभर होते आणि मी तेवढ्या दिवसांत अचौर्यावरचं प्रवचन ऐकून आले होते. तेव्हापासून माझ्या वहीत एक रकाना वाढला आहे: पैसे दिल्याची तारीख. ओळ कापली की त्याच दिवशी.

पावसाळ्यानंतरची दुसरी यादी विसरू नका. नाशिकचा पाऊस जे दाखवतो ते उन्हाळ्यात बादलीनेही दिसत नाही. पर्युषणाच्या आधी एकदा प्रत्येक भिंतीला, कपाटं सरकवून, हात लावून पाहा. ओल नुसती ओल असते तेव्हाच कळवायचं.

जाऊबाईंकडची दोन कामं अजून बाकी आहेत: बाल्कनीच्या सरकत्या दाराचा ट्रॅक आणि लॉफ्टचं एक झाकण. सुपरवायझर मंगळवारी येणार आहे. मी दुपारी सामायिक आटोपून वही घेऊन जाईन.