कृतज्ञता : आधी जाणणे, मग नमणे

दीपावली जवळ आली की घराघरांतून एक तक्रार हटकून ऐकू येते : हल्लीच्या मुलांना कशाचीच किंमत राहिलेली नाही. नवे कपडे येतात, फराळ होतो, फटाके येतात. मूल क्षणभर हरखते आणि लगेच पुढच्या वस्तूकडे बोट दाखविते. तक्रार खरी आहे. परंतु तिचा दोष मुलाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. वस्तू कोठून आली, कोणाच्या श्रमातून आली, हे ज्याला कोणी सांगितलेच नाही, त्या बालकाने कृतज्ञ व्हावे तरी कसे?

संस्कृत भाषेने या प्रश्नाचे उत्तर शब्दातच साठवून ठेविले आहे. ‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. ‘कृतघ्न’ म्हणजे केलेल्याचा घात करणारा. कृतज्ञतेत ज्ञान आधी येते आणि भावना मागाहून. म्हणून ‘आभार मान’ असे मुलाला बजावण्यापूर्वी, कोणी काय केले हे त्याला कळू देणे हे वडीलधाऱ्यांचे पहिले कर्तव्य होय.

पूर्वजांनी दिवाळीचे दिवस जणू याच पाठासाठी ओवले आहेत. आरंभ होतो वसुबारसेने. गायीबरोबर वासराचेही पूजन होते आणि व्रतस्थ स्त्रिया त्या दिवशी दूध, दही, तूप वर्ज्य करितात. इमारतीत राहणाऱ्या मुलाला गाय दाखविता आली नाही तरी एवढे सांगता येईल, की आपल्या पेल्यातील दूध मुळात वासराचे आहे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण केरसुणीला हळदकुंकू वाहतो. त्याच वेळी पहाटे आपली गल्ली झाडणाऱ्या माणसाचे नाव मुलाला विचारावे. ते ठाऊक नसेल तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासह जाऊन विचारून यावे आणि फराळाचे ताट पहिल्याने तिकडे न्यावे. केरसुणीला नमस्कार करावयाचा आणि ती हाती धरणाऱ्याची ओळखही ठेवावयाची नाही, ही पूजा अपुरी आहे.

आता नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान घेऊ. आमच्या बोळिंज-आगाशीच्या वाड्यांतून एके काळी विहिरींवर रहाट चालत. पाणी कोठून येते हे मुलाला डोळ्यांनी दिसे. आज वाड्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि नळाची तोटी हाच मुलाला पाण्याचा उगम वाटू लागला. वसई-विरारला पाणी पुरविणाऱ्यांत सूर्या नदीवरील धामणी धरण प्रमुख आहे. त्या प्रकल्पासाठी याच पालघर जिल्ह्यातील आदिवासी कुटुंबांना आपली घरे आणि शेते सोडावी लागली. उटणे लावून ऊन पाण्याचा पहिला तांब्या अंगावर घेताना हे मुलाला सांगावे. सणाच्या दिवशी असे जड बोलणे कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु गंगेचे स्मरण करून स्नान करणारा आपला समाज. ज्या नदीचे पाणी प्रत्यक्ष अंगावर पडते तिचे आणि तिच्या काठच्या माणसांचे स्मरण त्याला जड का व्हावे?

दिवाळीत मुले मातीचे किल्ले रचतात. किल्ला झाला की त्यांना वसईची कथा सांगावी. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत वज्रेश्वरी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये किल्ला हाती आल्यावर देवीचे मंदिर बांधून तो फेडला गेला, असे परंपरा सांगते. ते मंदिर आजही एखाद्या गडासारखे दिसते. संकटात देव सर्वांनाच आठवतो. विजयानंतर आठवणे ही थोरवी.

मुलांकडून असे करून घेणे म्हणजे पोपटपंची, हा आक्षेप मी ऐकला आहे. नुसते ‘थँक यू’ पाठ करून घेतले तर तो आक्षेप खराच ठरेल. कारण तेथे शब्द देऊन हिशेब मिटविला जातो. आपली भाषा मात्र ‘ऋणात राहतो’ असे म्हणते. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही कल्पना वेदकाळापासूनची आहे. ही ऋणे शब्दांनी फिटत नाहीत. ती आचरणाने वाहावयाची असतात.

याकरिता घरात फार काही करावे लागत नाही. दिवेलागणीला शुभंकरोती झाल्यावर सर्वांनी घटकाभर एकत्र बसावे. आज माझ्यासाठी कोणी काय केले, आणि मी कोणासाठी काय केले, हे दोनच प्रश्न असावेत. आणि उत्तर आधी वडिलांनी द्यावे, मग आईने, शेवटी मुलाने. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. तिच्यातील श्यामही आईच्या आठवणी सांगतो तो रात्री, प्रार्थना झाल्यावर, शांत चित्ताने.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. ‘तुझ्यासाठी आम्ही किती खस्ता खाल्ल्या’ हे वाक्य रागाच्या भरात मुलाला कधीही ऐकवू नये. स्वतःच्या उपकारांची यादी वाचली की ऐकणाऱ्याच्या मनात कृतज्ञता उगवत नाही, ओझे तेवढे वाढते. इतरांनी आपल्यावर केलेले उपकार आपण मोजावेत. मूल ते पाहून शिकते.

पणती लावताना तेल, वात आणि माती यांच्यामागचे हात ज्या मुलाला दिसू लागतील, त्याच्या अंतरी लागलेला दिवा भाऊबीजेनंतरही तेवत राहील. अशी दीपावली आपणा सर्वांच्या घरी येवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.