जमा आणि नावे : घराण्याचा इतिहास लिहिताना



पेढीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त किंवा वडिलांच्या अमृतमहोत्सवानिमित्त घराण्याचा इतिहास छापण्याची प्रथा आपल्या समाजात आता चांगलीच रुळली आहे. अशा पुस्तिका माझ्याकडे अभिप्रायासाठी येतात. छपाई सुबक असते, छायाचित्रे रंगीत असतात. मजकूर मात्र बहुधा एकाच साच्यातला. मूळपुरुष लोटा-दोरी घेऊन मारवाडातून किंवा गुजरातेतून निघाले, सचोटीने व्यापार केला आणि लक्ष्मी प्रसन्न झाली. कोणत्या साली निघाले, कोणाच्या आधाराने गावात राहिले, मध्ये काय गमावले, यांविषयी एक ओळही नसते. ज्या वहीत केवळ जमेची बाजू भरली आहे, त्या वहीवर आपल्यापैकी कोणता व्यापारी विश्वास ठेवील?

याबाबतीत आपल्याला वाट दाखवणारा एक पूर्वज आहे. कविवर बनारसीदास हे जौनपूरला 1586 मध्ये जन्मलेले श्रीमाळ व्यापारी. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, 1641 मध्ये, त्यांनी आग्र्यात ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. माणसाचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यांनी आपल्या कथेला ‘अर्धी’ म्हटले. त्यांनी आजोबा मूलदास आणि वडील खरगसेन यांच्यापासून कुळाची हकीकत सांगितली. पण पुढे व्यापारात बसलेली ठोकर, तारुण्यातील स्वैर वर्तन, कचोरीवाल्याकडे महिनोन्महिने उधारीवर खाल्लेले अन्न आणि एकामागून एक दगावलेली नऊ अपत्ये यांपैकी काहीही झाकले नाही. शेवटी स्वतःच्या गुणांबरोबर दोषांचीही यादी दिली. म्हणूनच आज पावणेचारशे वर्षांनंतरही मुघलकाळातील व्यापाऱ्याचे जीवन जाणण्यासाठी अभ्यासक त्या ग्रंथाकडे वळतात.

आपल्या घराण्याची अशी वही लिहायची, तर आरंभ घरातूनच करावा. जुने चोपडे, लग्नपत्रिका, तीर्थयात्रेच्या पावत्या, संघाच्या देणगीदारांच्या याद्या हे पहिले साधन. येथे माझी एक चूक कबूल करतो. वीस वर्षांपूर्वी दुकानाची डागडुजी करताना माळ्यावरचे मोडी लिपीतले चोपडे ‘आता वाचतो कोण’ म्हणून मी रद्दीत घातले. पणजोबा ज्या गावी प्रथम उतरले, त्या गावाचे नाव त्यांतच होते, हे मला आत्याकडून पुढे कळले. तोवर उशीर झाला होता. वाचता येत नसले तरी चोपडा टाकू नये. पानापानाचे छायाचित्र मोबाईलवर घेऊन ठेवावे. मोडी वाचणारी माणसे आजही आहेत.

दुसरे साधन आता घरबसल्या उपलब्ध झाले आहे. महाराष्ट्र शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारा व फेरफार पाहता येतात. वारसाच्या फेरफारात मृताचे नाव, वारसांची नावे आणि त्यांचे नाते एकत्र सापडते. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ जुन्या सरकारी कागदांचा शोध घेण्यास उपयोगी आहे. इंटरनेट आर्काइव्ह या विनामूल्य ग्रंथसंग्रहात मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियरे मिळतात. ‘जैन ई-लायब्ररी’वर आपल्या धर्माचे हजारो ग्रंथ आहेत. पूरणचंद नाहर यांचा ‘जैन लेख संग्रह’ आणि नाहटा काका-पुतण्यांचा ‘बीकानेर जैन लेख संग्रह’ हे प्रतिमालेखांचे संग्रह राजस्थानातून आलेल्या घराण्यांनी अवश्य पाहावेत. प्रतिमेच्या पाठीमागे वा पादपीठावर संवत, ज्ञाती, गोत्र, प्रतिष्ठा करविणाऱ्याचे नाव आणि आचार्यांचे नाव कोरलेले असते. विशेष म्हणजे आपल्या छापील वंशावळींत केवळ पुत्रांची नावे उतरतात. त्या जुन्या लेखांत मात्र ‘भार्या’ या शब्दापुढे स्त्रीचे नाव पुष्कळदा आढळते. पाचशे वर्षांपूर्वीच्या सलाट्याने जे विसरले नाही, ते आपण विसरावे काय? आजीचे माहेर, तिचे लग्नापूर्वीचे नाव, तिने मोडलेले दागिने हेही इतिहासात नोंदवले पाहिजे.

शोध घेताना मनाला न रुचणारेही समोर येईल. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले आणि हे लोण नगर जिल्ह्यातही पसरले. ज्यांचे रोखे जळले त्यांत मारवाडी व गुजर सावकार मुख्यत्वे होते. चार वर्षांनी, 1879 मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्या काळच्या गॅझेटियरांत आपल्या व्यापाऱ्यांविषयी कठोर शब्द आहेत. ते परक्या अधिकाऱ्याच्या पूर्वग्रहाचे आहेत हे खरे. पण कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचे दुःखही खोटे नव्हते. आपले पणजोबा त्या परिसरात सावकारी करीत असतील, तर ते पान फाडून टाकू नये. त्यांनी कोणाचे व्याज सोडले असेल तर तेही लिहावे, आणि कोणाची जमीन घेतली असेल तर तेही.

नोंद मिळाली की ताळा पाहावा. इंटरनेटवरील वंशवृक्षांत एकाची चूक दुसरा उतरवतो. ‘फॅमिलीसर्च’च्या सामायिक वंशवृक्षात तर कोणीही सदस्य दुरुस्ती करू शकतो. ज्या विधानाला कागद नाही, तेथे ‘घरातील सांगण्याप्रमाणे’ असे स्पष्ट लिहावे. संवताचा घोटाळाही सांभाळावा. राजस्थानात विक्रम संवत चैत्रात बदलतो, तर गुजरातेत कार्तिकात. त्यामुळे ‘संवत 1950, वैशाख’ म्हणजे मारवाडच्या वहीत 1893 साल, तर गुजरातच्या वहीत 1894. एवढ्या फरकाने पुत्राचा जन्म आईबापांच्या विवाहाआधी दिसू लागतो!

आणखी एक सावधगिरी. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा व आईचे माहेरचे आडनाव सार्वजनिक वंशवृक्षावर देऊ नये. तीच माहिती पुष्कळदा बँकेच्या खात्यांची किल्ली असते.

मात्र एक साधन कोणत्याही संकेतस्थळावर नाही. ते घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या मुखात आहे आणि प्रत्येक दिवाळीला ते थोडे थोडे कमी होत आहे. चोपडापूजन आटोपल्यावर नातवंडांना जवळ बसवावे, मोबाईलवर ध्वनिमुद्रण सुरू करावे आणि आजीला, आत्याला एकच प्रश्न विचारावा : “आपल्या घरावर सर्वांत कठीण वेळ कोणती आली होती?” वैभवाच्या कथा आपण न विचारताही सांगितल्या जातात. या प्रश्नाचे उत्तर मात्र विचारल्यावाचून मिळत नाही; आणि तेच बहुधा घराण्याच्या वहीचे पहिले खरे पान ठरते.

जयजिनेंद्र.