रविवार नसलेली शाळा

दोस्तांनो, घरी विरजण लावायचं काम तुमच्यापैकी कुणाकडे आहे? कालच्या दह्यातलं चमचाभर घ्यायचं, कोमट दुधात घालायचं, झाकून ठेवायचं. वेळेवर पाहिलं तर छान कवडीदार दही. विसरलात तर आंबटढाण! आज आपण अशा शाळेत जाऊ, जिथे चांगले पीएच.डी. झालेले लोक जवळजवळ हेच शिकतात. त्यांच्या बशीत मात्र दही नसतं, तर माणसाच्या भ्रूणापासून मिळालेल्या मूलपेशी असतात.

भ्रूण पाच-सहा दिवसांचा होतो तेव्हा तो असतो शे-दोनशे पेशींचा पोकळ गोळा, मिठाच्या कणाहूनही लहान. त्याच्या आत पेशींचा एक पुंजका असतो. त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं! हृदय, मेंदू, हाड, रक्त, काहीही त्यांच्यातून घडू शकतं. म्हणून त्या मूलपेशी. १९९८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जेम्स थॉमसन यांनी त्या पहिल्यांदा बशीत वाढवून दाखवल्या. टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारांसाठी तयार केलेले भ्रूण जोडप्यांनी समजून-उमजून संशोधनाला दिले होते. १४ पुंजके वेगळे काढले, त्यातून पेशींचे पाचच वंश टिकले.

पुंजका काढला की तो भ्रूण पुढे वाढू शकत नाही. म्हणून हे काम करावं की नाही, यावर जगभर वाद झाला, अजूनही होतो. घरी विषय काढून पाहा, आजीचं आणि बाबांचं मत एकच असेल असं नाही. पण काम करायचंच असेल, तर मिळालेली एक बशीसुद्धा हलगर्जीपणानं वाया घालवायची नाही, एवढं तरी दोघंही मान्य करतील.

आणि या पेशी वाया जातात पटकन, बरं का! १९९९ मध्ये थॉमसन यांच्याच गावी, मॅडिसनला, वायसेल ही संस्था सुरू झाली. ती या पेशी इतर शास्त्रज्ञांना पाठवायची. पण नुसत्या पेशी पाठवून भागेना, म्हणून शिकवणीही सुरू झाली.

तिथला खरा धडा म्हणजे डोळा तयार करणं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. वसाहतीचा काठ स्वच्छ आहे, पेशी दाटीवाटीनं बसल्यात? उत्तम. काठ विस्कटलाय, पेशी पसरट दिसतायत? म्हणजे त्यांनी परस्पर दुसरंच काही व्हायला सुरुवात केली. तेवढा भाग बारीक नळीनं खरवडून टाकायचा. हे पुस्तकात वाचून जमत नाही, शेजारी बसून कुणीतरी बोट दाखवावं लागतं.

मग रोज खाऊ घालणं. ३७ अंशाच्या उबेत ठेवायचं, पोषक द्रव रोज बदलायचा. दिवाळी असो की रविवार! (आता एखाद दिवस सुट्टी देणारे द्रव निघालेत, पण जुन्या विद्यार्थ्यांना विचारा.) सुरुवातीला या पेशी उंदराच्या पेशींच्या थरावरच वाढायच्या. तो थर म्हणजे जणू दाई. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं २००९ मध्ये आपले दोन वंश जाहीर केले, तेव्हा दाई म्हणून माणसाच्याच पेशी वापरल्या होत्या.

चार-पाच दिवसांनी बशी भरते. मग विरजणासारखं थोडं थोडं नव्या बशीत. इथे नवखे हमखास फसतात. पेशी सुट्या सुट्या केल्या की बहुतेक मरतात. छोट्या गुठळ्याच उचलायच्या! सुट्या पेशी जगवणारं एक रसायन जपानी शास्त्रज्ञांना २००७ मध्ये सापडलं, तोवर हाताची सफाई हाच उपाय होता. शिवाय मधूनमधून गुणसूत्रं मोजायची, ४६ आहेत ना? कारण दिसायला ठणठणीत पेशींमध्येही गडबड होते.

त्या पाच वंशांपैकी एकाचं नाव 'एच-९'. विरजणावर विरजण लागत तो आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतोय. सगळा एकाच दान मिळालेल्या भ्रूणातून आलेला. आत्ता तुम्ही हे वाचताय तेव्हा कुठेतरी एखादी नवी विद्यार्थिनी श्वास रोखून त्याची पहिली गुठळी उचलत असेल.