एकटी पैठणला? हो, एकटीच!



बीडहून पैठणला एकटी निघाले की प्रश्न ठरलेला, "सोबत कोण?" यात्रेच्या बसमध्ये ५० जणी असल्या की मुनिसुव्रतनाथांपुढे दोन मिनिटं शांत उभं राहता येत नाही, सगळी चर्चा डब्यांची! वैशाखात धरणाखाली गोदामाईचं पात्र उघडं पडतं, नाथसागराचे दरवाजे उघडले की तीच घाटाला भिडते, हिवाळ्यात जलाशयावर रोहित पक्षी उतरतात. फक्त शनी अमावस्येच्या गर्दीत जाणारीला हे कुठून दिसणार?

२०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. सूर्यास्ताआधी घरी येऊन जेवताही येतं. बारा भावनांतली एकत्व भावना रोज म्हणायची, आणि शेजारच्या सीटवर नणंद हवीच, हे कसं? सुनेला अडवणाऱ्या सासूबाईंनी आधी याचं उत्तर द्यावं.