सूतकाच्या दिवसांतील कावीळ

पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येते. मुळशी तालुक्यातील नांदे येथील व्यापारी घरांतही हीच रीत आहे. प्रसूती पुण्याच्या रुग्णालयात सुखरूप होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात आणि म्हाळुंगे-सूसमार्गे येऊन बाळ-बाळंतीण आतल्या खोलीत विसावतात. घरात सूतक असते, खिडकीला पडदा असतो, येणे-जाणे थोडे असते. बाळाच्या रक्तातील पिवळे द्रव्य तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत, म्हणजे नेमके याच वेळी, सर्वांत वर चढते. डॉक्टरांची नजर दूर गेलेली असते आणि मंद उजेडात घरच्यांना काही दिसत नाही.

या द्रव्याला बिलिरुबिन म्हणतात. तांबड्या रक्तपेशी मोडल्या की ते तयार होते. ते निचरा करून बाहेर टाकण्याचे काम यकृताचे. नवजात बाळाच्या पेशी भराभर मोडतात आणि यकृत अजून कोवळे असते. म्हणून पूर्ण दिवसांच्या निम्म्याहून अधिक बाळांना थोडी कावीळ होतेच, आणि बहुतेकांची आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरते. आजीबाईंचा ‘होते सगळ्यांना’ हा दिलासा याच अनुभवातून आलेला आहे आणि तो बव्हंशी खराही आहे. प्रश्न उरलेल्या थोड्या बाळांचा आहे. त्यांच्या रक्तातील बिलिरुबिन मर्यादेपलीकडे गेले की ते मेंदूत शिरते. पहिल्यांदा बाळ सुस्त होते, दूध ओढत नाही. मग कर्कश रडते, पाठ धनुष्यासारखी मागे वाकवते. त्यानंतर जी हानी होते ती भरून येत नाही. असे मूल पुढे बहिरे होऊ शकते, हातापायांच्या हालचालींवर त्याचा ताबा राहत नाही. बुद्धी मात्र पुष्कळदा शाबूत असते. सारे समजते, पण ऐकता येत नाही आणि सांगता येत नाही.

म्हणून कावीळ डोळ्यांनी जोखायची नसते, मोजायची असते. सावळ्या त्वचेवर पिवळेपणा सहज कळत नाही. दिवसाच्या उजेडात कपाळ, छाती, पोट, पाय असे क्रमाने बोटाने दाबून पाहावे. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली उतरत जातो. पोटाच्या खाली तो दिसला तर त्याच दिवशी दाखवावे, आणि तळहात-तळपाय पिवळे असतील तर एक तासही दवडू नये. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ कधीच साधी मानत नाहीत. मोजलेला आकडाही वयाच्या तासांशी ताडून पाहावा लागतो. १५ हा आकडा एका दिवसाच्या बाळाला गंभीर, तर पाच दिवसांच्या पूर्ण वाढीच्या सुदृढ बाळाला कदाचित नुसत्या देखरेखीचा.

कोवळ्या उन्हाचा उपाय घरोघरी सांगतात. त्यामागे सत्याचा अंश आहे. १९५६ मध्ये इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात सिस्टर वॉर्ड बाळांना अंगणातील उन्हात नेत असत. एका बाळाच्या अंगाचा उघडा भाग फिका झाला होता, चादरीखालचा तेवढा पिवळा राहिला होता. तो त्यांनी डॉक्टरांना दाखवला. पुढे उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतील बिलिरुबिनही उतरलेले आढळले, आणि १९५८ मध्ये डॉ. क्रेमर व सहकाऱ्यांनी प्रकाशोपचार प्रसिद्ध केला. परंतु ऊन किती मिळाले हे मोजता येत नाही. बाळ गारठते किंवा भाजते, आणि मुख्य म्हणजे मोलाचे तास निघून जातात. रुग्णालयातील निळा प्रकाश बिलिरुबिनचे रूप असे पालटतो की ते यकृताची वाट न पाहता शी-शूवाटे निघून जाते. डोळ्यांवर पट्टी बांधलेले बाळ काचेच्या पेटीत पाहून आजीचा जीव कासावीस होतो, हे साहजिक आहे. पण त्या दिव्यांचा हेतू शेक देण्याचा नाही, आणि पाजण्यासाठी बाळ बाहेर घेता येते. पातळ शी, अंगावर पुरळ, पाणी कमी पडणे एवढेच त्याचे सामान्य त्रास.

प्रकाशाने भागले नाही तर रक्तबदल करतात. तीन किलोच्या बाळात सुमारे पाव लिटर रक्त असते. त्याच्या दुप्पट, म्हणजे जवळजवळ अर्धा लिटर, थोडेथोडे काढून तेवढेच घालतात. जंतुसंसर्ग, गुठळी, क्षारांचा बिघाड असे त्याचे धोके खरे आहेत. वेळेवर आलेल्या बाळावर ही पाळी क्वचितच येते.

कारणे अनेक आहेत. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचे इंजेक्शन पुढच्या बाळाचे रक्षण करते. आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असला तरी लक्ष ठेवावे. व्यापारी घरांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची: पेटीतील जुनी झबली, दुपटी, कापडाच्या दुकानातील माल यांत डांबराच्या गोळ्या असतात. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या, विशेषतः मुलग्याच्या, तांबड्या पेशी त्या वासानेही झपाट्याने फुटू शकतात. बाळाच्या कपड्यांत त्या कधीच ठेवू नयेत.

अंगावरचे दूध कमी पडले की कावीळ वाढते. मध जैन घरात येतच नाही, पण साखरपाणी आणि घुटी येतात. दोन्ही दुधाची जागा अडवतात. बाळंतिणीने चउविहार किंवा पर्युषणातील उपवासांचा आग्रह धरू नये. षोडशकारण भावनांतही तप शक्तीनुसारच सांगितले आहे. काविळीची माळ गळ्यात घालून दोन दिवस वाट पाहणे हे तर सर्वांत महाग पडते.

आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरपोच नवजात सेवा सिद्ध करून दाखवली, त्याच धर्तीवरील ही भेट आहे. ‘आमचे डॉक्टर आहेत’ म्हणून मोठ्या घरांतून त्यांना दारातूनच परत पाठवतात. सूतकाचे कारणही पुढे करतात. त्यांना बाळ उघडून, उजेडात दाखवावे.

कावीळ चौदा दिवसांनंतरही राहिली आणि शी पांढरट होऊ लागली, तर पित्तनलिकेचा दोष असू शकतो. त्याची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झालेली बरी.

नांद्याहून रात्री निघावे लागले तर १०२ ची रुग्णवाहिका मागवता येते, आणि पुण्यातील ससूनसारख्या शासकीय रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार विनामूल्य होतात. निघताना जन्माची नेमकी वेळ, जन्माचे वजन, आई-बाळाचे रक्तगट आणि दिवसभरात किती वेळा शू झाली हे कागदावर लिहून घ्यावे, आणि वाटेत बाळाला पाजत राहावे.